घर खाली होऊन राह्यलं

मराठीत काळ तीन असतात, असं साखरखेर्ड्याच्या शाळेत मला शिकवलं गेलं. आमच्या घरात मात्र चौथाही वापरात होता. ‘जाऊन राह्यलो’, ‘खाऊन राह्यली’, ‘होऊन राह्यलं’. तो पुस्तकात नव्हता, म्हणून मी त्याला कधी काळ मानलं नाही. पुढे पुण्यात सरकारी नोकरी लागली, चौदा वर्षं मी जीभ तासून तासून सरळ केली आणि हा चौथा काळ चारचौघांत साफ विसरलो. तो मला विसरला नव्हता. यंदाच्या जूनमध्ये लोणारला त्याने मला असा काही हिसका दाखवला, की आता कुणी व्याकरणाचं नाव काढलं तरी मी कान धरतो.

मी देवानंद इंगळे, सांख्यिकी सहायक. खातं कुठलं ते विचारू नका, खात्याचं माझ्याविषयी अजून बरं मत आहे. तालुक्यात विहिरी किती, बैल किती, हे मी मोजत नाही. दुसऱ्याने मोजलेलं मी तक्त्यात बसवतो आणि बेरीज जुळली नाही तर बैलांना दोष देतो. मेच्या शेवटी बदलीचा आदेश आला. लोणार, जिल्हा बुलढाणा.

सोसायटीत बातमी पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. समोरचे काका म्हणाले, “लोणार? उल्का पडली तेच ना?”

“पन्नास हजार वर्षांपूर्वी पडली हो.”

“तरी पण. लहान मुलगी आहे तुमची, जपून.”

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की तिथलं पाणी खारं असतं, केस गळतात. मी डोक्यावरून हात फिरवला. माझ्यापुरता हा प्रश्न पुण्यातच मिटलेला होता.

खरा प्रश्न घरात होता. माझी बायको सारिका जन्मापासून पुण्याची. तिने आदेश दोनदा वाचला आणि एकच अट घातली. “सोळा जूनला मायाची इथली शाळा सुरू होते. ती जागा मी सोडणार नाही. त्याआधी तिकडं घर आणि शाळा दोन्ही पक्कं झालं, तर आम्ही राहू. नाहीतर पंधराच्या गाडीने आम्ही परत, तू राहा एकटा.”

एकटा! मला वरणाला फोडणी देता येत नाही, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. माया आठ वर्षांची. पूर्ण नाव महामाया. संध्याकाळी मी घरी आलो की ती दाराशी येते, माझी पिशवी घेते आणि काही न बोलता आत नेऊन ठेवते. एवढ्यासाठी मी दिवसभर बेरजा करतो.

‘काही न बोलता’ हे मुद्दाम लिहिलं. माया बोलत नसे. म्हणजे घरात दोन-चार शब्द, शाळेत तर नुसती मान. पहिलीत असताना बाईंनी विचारलं, “पाणी कुणाला हवंय?” ही उठून म्हणाली, “मले!” अख्खा वर्ग हसला. महिनाभर तिचं नाव ‘मले-मले’ पडलं. त्यानंतर तिला पाणी नको झालं, डबा नको झाला, काहीच नको झालं. प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं, ‘मुलगी शांत आहे.’

हा ‘मले’ तिने कुठून आणला, ते मला ठाऊक होतं. माझी आई तानाबाई साखरखेर्ड्याला असते. दिवाळीत माया तिच्याकडे राहून आली की तोंडभर वऱ्हाडी घेऊन यायची. आणि मी? आईशी फोनवर बोलायचं झालं की मी गॅलरीत जायचो आणि दार लावून घ्यायचो. शेजाऱ्यांनी सांख्यिकी सहायकाच्या तोंडून ‘काय करून राह्यली माय?’ ऐकलं तर सोसायटीत काय राहील?

असो. मी कामाला लागलो, म्हणजे तक्ता केला. लोणारमधल्या वस्त्यांची तुलना. नळ किती दिवसांआड, कुत्री किती, लग्नाचा डीजे किती लांब, शाळेचं अंतर. शेवटचा रकाना ‘शेजाऱ्यांची भाषा’. याला शंभरपैकी चाळीस गुण. शुद्ध बोलणारी वस्ती, शुद्ध बोलणारी शाळा. मायाला पुन्हा कुणी हसायला नको, असा माझा शास्त्रीय विचार होता.

माहितीसाठी लोणारच्या कार्यालयात फोन लावला. तिथले वरिष्ठ लिपिक शेषराव. मी म्हटलं, “आपल्याकडे निवासासाठी उत्तम परिसर कोणता?”

“आं? रायलेचं म्हंता का साहेब?”

“हो. निवासाचं.”

“तळ्याकडं नका घेऊ, वास येते. स्टँडकडं नका घेऊ, हॉर्न वाजते. मंदिराकडं नका घेऊ, पावने येतेत.”

“मग घेऊ कुठं?”

“घ्या ना कुठंबी. लोनार असं केवढं हाये!”

भाषेच्या रकान्यात मी शेषरावला शून्य दिलं.

त्याने दिलेल्या नंबरांवर मी स्वतः फोन केले. इथे आमचं आडनाव आडवं आलं. आमच्या जिल्ह्यात इंगळे एका समाजात नाहीत, चार समाजांत आहेत, आणि घरमालकाची झोप नेमकी याच गोष्टीने उडते.

“इंगळे म्हंजे कुठचे इंगळे?”

“साखरखेर्ड्याचे.”

“थे झालं हो. पन कुठचे?”

आता फोन ठेवताना ‘जयभीम’ म्हणायची मला लहानपणापासून सवय. त्यामुळे त्यांची शंका आपोआप फिटायची, आणि दुसऱ्या दिवशी फोन केला की ते घर ‘कालच गेलं’ असायचं. अशी दोन घरं कालच गेली. त्यांच्यासाठी मी तक्त्यात वेगळा रकाना केला नाही. तो रकाना पुण्यातही भरला होता, त्याची बेरीज मला पाठ आहे.

तिसरा नंबर आशाबाईंचा. शेती सांभाळणारी बाई, मुलं बाहेरगावी. मी नाव सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत गप्प राहिलो. बाई म्हणाल्या, “इंगळे असा का मुंगळे असा, आठ दिवसानं नळ येते. पानी भरू लागसान ना?”

“भरू लागू.”

“मंग या. घर खाली होऊन राह्यलं.”

मी फोन ठेवला आणि सारिकाला विजयी मुद्रेने अर्थ सांगितला. “घर खाली होऊन राहिलंय. म्हणजे केव्हाचंच रिकामं झालंय आणि तसंच पडून राहिलंय. बिचारी भाडेकरूची वाट बघतेय.”

“नक्की ना? तुझी भाषा आहे म्हणून विचारते.”

हा प्रश्न मला लागला. पण नेमकं काय लागलं, ‘नक्की ना’ की ‘तुझी भाषा’, ते कळलं नाही. मी आशाबाईंना परत फोन केला आणि जरा साहेबी आवाजात म्हटलं, “इतके दिवस घर बंद होतं, उंदीर झाले असतील. धूर करून घ्या.”

“उंदीर कायले होतीन? माणसं हायेत ना घरात.”

साफसफाईला माणसं लावलेली दिसतात, असं मी सारिकाला सांगितलं. तेवढी एक बाब सोडली तर तक्ता उत्तम जमला होता.

सात जूनला, शनिवारी, आम्ही टेम्पो घेऊन आशाबाईंच्या दारात पोचलो. फ्रिज, कपाट, माझ्या तक्त्यांच्या सात फायली. दार उघडंच होतं. आत एक बाई पोळ्या लाटत होती, आणि एक गृहस्थ बनियनवर बसून वरण-पोळी कुस्करत होते. वयाने माझ्याएवढेच. आम्हाला पाहून ते घास हातात धरून उठले.

“तुम्ही साफसफाईवाले का?” मी विचारलं.

हा प्रश्न मी का विचारला, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. गृहस्थ एसटीत वाहक होते, नाव गोकुळ, आणि त्या घरात नऊ वर्षं राहत होते.

मागून आशाबाई आल्या. “आले का? मी म्हनलं होतं ना, घर खाली होऊन राह्यलं. गोकुळभाऊ खाली करूनच राह्यले.”

“कधीपासून?” सारिकाने विचारलं.

“दिवाळीपासून,” गोकुळ म्हणाले. “आपलं सोताचं बांधून राह्यलो ना, तिकडं रोडच्या पल्याड. फरशी तेवढी बाकी हाये. रोज ड्युटीवर जाता जाता एकेक डबा नेऊन राह्यलो.”

सारिकाने माझ्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत तिने मला पुष्कळदा पाहिलं आहे, पण असं नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘होऊन राह्यलं’ म्हणजे होत आहे! चालू आहे! संपायचं आहे! माझ्या आईने माझ्यासमोर हे रूप हजार वेळा वापरलं असेल. ‘येऊन राह्यलो माय’ म्हणत मी स्वतः ते दोन-दोन तास ताणलं असेल. आणि ऐन वेळी मी पुण्याचा निघालो.

“त्यात काय एवढं?” आशाबाईंनी निकाल दिला. “दोन खोल्या तुमी घ्या, एक थे घेतीन. चार-आठ दिवसाची गोठ. रेणुका, चार पोळ्या जास्तीच्या टाक वं.”

गोकुळची बायको रेणुका म्हणाली, “टाकून राह्यली.” या वेळी मला अर्थ कळला.

अशा रीतीने आमचा फ्रिज घरामागच्या ओट्यावर, कपाट आडवं, आणि दोन संसार एका मोरीवर सुरू झाले. गोकुळ-रेणुकेची मुलगी प्रेरणा मायाच्याच वयाची. तिने आल्या आल्या मायाला विचारलं, “तुह्यं नाव काय वं?” मायाने मान हलवली. प्रेरणाला ते नाव पसंत पडलेलं दिसलं, कारण ती मायाचा हात धरून तिला मांजरीची पिल्लं दाखवायला घेऊन गेली. मी ओरडून सांगितलं, “माया, नीट बोल बरं का!” आता ही सूचना मुळात न बोलणाऱ्या मुलीला कशाला, हे मलाही सांगता येणार नाही.

सोमवारी शाळा. आशाबाईंच्या घरामागे, दोनशे पावलांवर. तक्त्यात तिला अंतराचे पैकीच्या पैकी गुण होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून प्रवेशाचं विचारायला सकाळी साडेदहाला गेलो. फाटकाला कुलूप, आणि कुलपाला शिंगं घासणारी एक शेळी.

“शाळा बंद पडली?” मी शेषरावला फोन केला.

“बंद कायले पडन? तेवीसले उघडते. ऊन्ह पाहा ना साहेब, लेकरं भाजतीन. विदर्भात जूनच्या शेवटीच उघडतेत शाळा, तुमाले मालूम नाई?”

मालूम नव्हतं! मी याच जिल्ह्यात दहा वर्षं शिकलो. दहा वर्षं जूनचे तीन आठवडे चिंचेखाली लोळून काढले. पण तक्ता करताना शाळा सोळाला उघडते असं धरून मोकळा झालो. आता पुण्याची सोळाला उघडणार, लोणारची तेवीसला, आणि सारिका पंधराला जाणार.

त्यात आणखी एक पेच. शेषराव म्हणाला, प्रवेशाला जुन्या शाळेचा दाखला लागतो. सारिका म्हणाली, इथे प्रवेश पक्का झाल्याशिवाय तिथला दाखला काढणार नाही. प्रवेशाशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय प्रवेश नाही. सरकारी नोकरीत मी असे पेच लोकांपुढे टाकत आलो होतो. स्वतः आत शिरून पाहायची ही पहिलीच वेळ, आणि आत हवा कमी असते एवढं सांगतो.

“मोठ्या मॅडमले भेटा,” शेषराव म्हणाला. “पुष्पांजली मॅडम. त्याईच्या हातात सारं हाये.”

“कुठे भेटतील?”

“माहेरी गेल्या. संग्रामपूरले.”

लोणार जिल्ह्याच्या या टोकाला, संग्रामपूर त्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरामागच्या शाळेसाठी मी बुधवारी पहाटे निघालो. मेहकर, खामगाव, शेगाव, आणि पुढे संग्रामपूर. तीन गाड्या बदलल्या. एका गाडीत वाहक म्हणून नेमके गोकुळ निघाले. त्यांच्या पायाशी एक पितळी डबा होता.

“हा इकडे कुठे?” मी विचारलं.

“नव्या घरी ठेवाचा राह्यला, तसाच गाडीत घेऊन आलो,” ते म्हणाले. घर दिवाळीपासून का खाली होत होतं, ते मला उमगलं.

भर दुपारी पोचलो. पुष्पांजली मॅडम ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. मी नमस्कार केला आणि बसमध्ये घोकलेलं वाक्य म्हटलं. “महोदया, माझ्या कन्येच्या प्रवेशासंदर्भात आपली भेट घ्यावी, या हेतूने मी आलो आहे.”

मॅडमनी वर पाहिलं. “कुठचे तुमी?”

“पुण्याचे.”

“जन्मले कुठं?”

“साखरखेर्ड्याला.”

“मंग असे बोलून काऊन राह्यले? दात दुखून राह्यले का?”

भिंतीवर त्यांची पदवी टांगलेली होती. एम. ए. मराठी, विद्यापीठात दुसऱ्या. मी शाळेला भाषेचे चाळीसपैकी अडतीस गुण अंदाजाने दिले होते, ते तिथल्या तिथे घसरले. मॅडमनी मला पाणी दिलं, गूळ दिला आणि कैऱ्यांची एक पाटीही पुढे सरकवली. पुढची सगळी मुलाखत मी कोया काढत दिली.

“दाखल्याचं काई नाई, मागून आना,” त्या म्हणाल्या. पेच असा एका वाक्यात सुटलेला पाहून मला सरकारी नोकर म्हणून थोडं वाईटच वाटलं. “पन तिसरीत एकच जागा हाये. आन् बदलीवाल्यांचं मले मालूम हाये. बाप आनते, लेकरू रडते, दोन मयन्यात पळतेत. जागा वाया जाते, गावातलं एखांदं लेकरू मुकते. म्हनून मी बापाले नाई विचारत. शनिवारी दहा वाजता मी शाळेत हाये. पोरीले आना. तिनं तिच्या तोंडानं सांगावं, का मले इथं शिकाचं हाये. बोलते ना पोरगी?”

कैरी हातातून निसटली. “अस्खलित,” मी म्हणालो.

परतीच्या तिन्ही गाड्यांत मी हा एक शब्द चघळत होतो. शनिवार म्हणजे चौदा जून. दुसऱ्या दिवशीची पुण्याची तिकिटं सारिकाच्या पर्समध्ये. आणि सगळं ज्या तोंडावर येऊन ठेपलं होतं, ते तोंड दोन वर्षं मिटलेलं.

गुरुवार-शुक्रवार मी मायाला पाठांतराला बसवलं. ‘नमस्कार. माझे नाव महामाया देवानंद इंगळे. मला या विद्यालयात शिक्षण घेण्याची मनापासून इच्छा आहे.’ मी म्हणायचो, ती माझ्या ओठांकडे बघायची. तिच्या ओठांतून ‘मला’ यायचा आणि पुढे गाडी अडायची. बाहेरून प्रेरणा ओरडायची, “माया, येतं का वं?” आणि मी दार लावून घ्यायचो.

सारिका म्हणाली, “पाठ काय करून घेतोस? तिला काय वाटतं ते विचार तरी.”

“वेळ कुठं आहे विचारायला?” मी म्हणालो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती न सांगता पुढे जाणं लबाडी होईल. मायाचं तोंड वर्गाने नंतर मिटवलं. आधी मी मिटवलं होतं. ‘मले भूक लागली’ म्हणाली, तेव्हा मीच डोळे वटारून सांगितलं होतं, “मले नाही, मला! लोक हसतात.” आठवड्याने लोक खरंच हसले, आणि आपण बरोबर बोललो होतो याचं मला त्या दिवशी थोडं समाधान वाटलं. असला बाप मी.

शनिवार उजाडला, आणि सकाळी आठला नळ आला.

लोणारमध्ये नळ येणं म्हणजे काय, ते पुण्याच्या माणसाला कळणार नाही. आठवड्याचं पाणी तासाभरात भरायचं. आशाबाई ओरडल्या, “इंगळेसाहेब, बोलले होते ना, भरू लागीन म्हनून!” दोन संसारांची मिळून अकरा टिपं, म्हणजे पुण्याची पिंपं, चौदा हंडे, एक बाथटब. बाथटब आमचाच, टेम्पोतून हट्टाने आणलेला, त्यात आता आशाबाईंच्या म्हशीचं पाणी. मी इस्त्रीच्या शर्टावर नळी धरून उभा. नळी सुटली. शर्ट गेला, पँट गेली, खिशातला मोबाइल गेला. दुसरे कपडे आडव्या कपाटात, आणि कपाटाचं दार खालच्या बाजूला. गोकुळ आणि मी कपाट उभं करेपर्यंत साडेदहा वाजले.

“माया कुठंय?” सारिका म्हणाली.

“प्रेरणाबरोबर गेली असन शाळेत,” रेणुका म्हणाली. “प्रेरणीचा फोटो द्याचा होता मॅडमले.”

मी गोकुळची लुंगी आणि माझा बनियन अशा सांख्यिकी पोशाखात रस्त्यावर धावलो. समोरून शेषराव सायकलवर येत होता. लांबूनच ओरडला, “साहेब! मॅडमनं सांगाले पाठवलं! बाकीची पोरं घरी गेली, तुमची माया राह्यली!”

मी तिथेच थांबलो. राह्यली. बाकीची पोरं आटपून घरी गेली, आमची राहून गेली. आणि त्यात काय चुकीचं होतं? ती उभी राहिली असेल, मान हलवली असेल, मॅडमनी वाट पाहिली असेल. मी तिला दिलेलं वाक्य तिच्या घशात अडकलं असेल.

मी परत फिरलो. सारिका दारात होती. “राहिली ती,” मी म्हणालो. “नाही मिळाली जागा.” ती आत गेली, मायाचा फ्रॉक दोरीवरून काढला आणि घडी घालायला लागली. तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. आशाबाई हंडा खाली ठेवून म्हणाल्या, “मंग, जाऊन राह्यल्या का तुमी सारिकाबाई?”

“आधी मुलीला घेऊन येते,” सारिका म्हणाली. मी तसाच लुंगीवर मागे निघालो.

शाळेचं फाटक उघडं होतं. शेळी आत होती. व्हरांड्यात मॅडम खुर्चीवर, प्रेरणा खांबाला टेकून, आणि मधल्या पायरीवर उभी राहून हातवारे करत कुणीतरी बोलत होतं. आवाज चांगला खणखणीत. आम्ही दोघं भिंतीशी थबकलो.

“...आन् मंग नळी सुटली ना, तं पप्पा असे ओले झाले! आन् आशाआजी म्हने, म्हशीले पानी राह्यलं का नाई? मी तं हासून हासून मेली वं बाई!”

सारिकाने माझा दंड धरला. इतक्या जोरात, की वळ दोन दिवस होता.

मॅडमनी आम्हाला पाहिलं. “या. सांगाले पाठवलं होतं ना मी, पोरगी राह्यली म्हनून? घरी चाल म्हनलं तं येत नाई म्हंते. इथंच राह्यते म्हंते.”

राह्यली! थांबली! सुटली नव्हती, उरली नव्हती, थांबली होती! शब्दाने मला तिसऱ्यांदा आपटलं, आणि या खेपेला मला ते आवडलं.

“तिनं सांगितलं का?” मी विचारलं. “तिच्या तोंडानं?”

“सांगितलं ना. आधी काईतरी विद्यालय, इच्छा, असं चालू केलं होतं, थे मी बंद केलं. म्हनलं, इथं काऊन शिकाचं तुले, थे सांग.” मॅडम मायाकडे वळल्या. “सांग वं, काय म्हनली?”

मायाने मला पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती मान खाली घालून पायाने फरशी घासायला लागली. मी तिच्यासमोर खाली बसलो, लुंगी सावरत. आणि चौदा वर्षांनी, गॅलरीचं दार न लावता, चारचौघांत म्हणालो, “सांग ना माय. मलेबी ऐकाचं हाये.”

तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “पप्पा, तुमी आजीसंग दार लावून बोलता ना, तसं इथं सारे दार उघडं ठेवून बोलतेत. म्हनून.”

मला पुढे काही दिसेना. मॅडमनी पदराने स्वतःचं नाक पुसलं आणि रागावल्यासारख्या म्हणाल्या, “दाखला लवकर आनजा. आन् कपडे घालून येत जा हो शाळेत.”

परत येताना माया आणि प्रेरणा पुढे पळत होत्या. सारिकाने वाटेतच पुण्याच्या शाळेला फोन लावला आणि दाखला तयार ठेवायला सांगितलं. दारात आशाबाई उभ्याच होत्या. “मंग? जाऊन राह्यल्या का?”

सारिका जरा अडखळली. शब्द तोंडात फिरवून पाहिला आणि म्हणाली, “नाही हो. आम्ही राह्यलो.”

रूप शंभर टक्के बरोबर होतं. मी तपासलं.

त्या संध्याकाळी गोकुळने एक डबा नव्या घरी नेला आणि दोन परत आणले, रेणुकेला लागत होते म्हणून. माझा मोबाइल तांदळाच्या डब्यात वाळत पडला होता, तेव्हा आईला सांगायला सारिकाचा घेतला आणि ओट्यावर फ्रिजच्या आडोशाला गेलो. सवयीने मागचं दार ओढून घेतलं. “जयभीम माय,” म्हटलं आणि तिला सांगायला सुरुवात केली.

दार धाडकन उघडलं. मांजरीचं पिल्लू काखेत धरून माया उभी होती. “पप्पा, दार काऊन लावून राह्यले?”

आईने फोनमधून ते ऐकलं. मग म्हणाली, “कोन बे थे? कोनाची पोरगी बोलून राह्यली?”

मी दार उघडंच ठेवलं.

“आपलीच,” म्हटलं.